वळू, बैल आणि आपण

(निलंगा इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय आधीच सांगून टाकतो. ज्याला लाज वाटते त्यानं आत्ताच उठावं, मधे उठू नये. विषय आहे टेस्टोस्टेरॉन. पुरुषाच्या वृषणात, म्हणजे आपण गावात ज्याला आंड म्हणतो त्यात, तयार होणारा एक रस. मी डॉक्टर नाही. दहावी पास झालेला, मुंबईच्या गोदीत माल उचलणारा माणूस आहे. कविता लिहितो. पण हा विषय एकट्या डॉक्टरांवर सोडून भागत नाही. या रसाच्या नावानं आपल्या माणसांचे खिसे कापले जातात. याच्याच भीतीपायी आपल्या बायकांची पोटं कापली जातात. आणि याच्याच घमेंडीत आपल्या सभांमधून आपल्याच लोकांना शिव्या घातल्या जातात. म्हणून बोलायचं.

सुरुवात जनावरापासून करू. आपला मुलूख देवणीचा. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीतले प्रकार इथलं शेंबडं पोरगंही ओळखतं. हाळीच्या बाजारात जोडी पारखणारी म्हातारी माणसं या बैठकीतही असतील. त्यांना विचारा, गोऱ्ह्याला कधी खच्ची करायचं? ते सांगतील, घाई करायची नाही. मान भरू द्यायची, वशिंड उठू द्यायचं, दाताला येऊ द्यायचं, मग बडवायचं. पूर्वी ठेचायचे. जनावर हंबरून हंबरून अर्धं व्हायचं. आता दवाखान्यात चिमटा लावतात. कातडी फाटत नाही, आतल्या रक्ताच्या शिरा चेपल्या जातात, रक्त बंद होतं आणि वृषण सुकून जातं.

एकाच गाईच्या पोटचे दोन गोऱ्हे. एक राखला, तो वळू झाला. मान जाड, डुरकतो, शिंगानं माती उकरतो, माणूस दिसला की अंगावर येतो. दुसरा खच्ची केला, तो बैल झाला. जू घेतो, कासरा ओळखतो, उन्हातान्हात ओढतो. एवढं गावाला हजारो वर्षं माहीत होतं. हे का होतं, ते माहीत नव्हतं.

ते कळायला कोंबडे कामी आले. १८४९ साली जर्मनीतल्या गॉटिंगेन गावात बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकानं कोंबड्यांची वृषणं काढली. तुरा सुकला, आरवणं गेलं, भांडणं गेली. मग काही कोंबड्यांच्या पोटात त्यानं वृषण परत ठेवलं. जागच्या जागी नाही, पोटात दुसरीकडंच. जुनी नस नाही, जुनी नळी नाही. तरी तुरा लाल झाला, कोंबडा आरवायला लागला. बेर्टोल्डनं ओळखलं की वृषणातून काहीतरी थेट रक्तात जातं आणि रक्त ते अंगभर नेतं. नळीचा यात संबंध नाही. मित्रांनो, हे एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवा. आपल्याला पुढं याचं मोठं काम आहे.

१९२७ साल आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. मार्चात महाडचं चवदार तळं, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन. त्याच १९२७ मध्ये तिकडं अमेरिकेत शिकागोला कोख आणि मॅकगी या दोघांनी कत्तलखान्यातून वळूंची ४० पौंड वृषणं आणली आणि त्यातून २० मिलिग्रॅम अर्क काढला. खच्ची केलेल्या कोंबड्याला तो टोचला की तुरा वाढायचा. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला लाकर यांच्या प्रयोगशाळेनं वळूंच्या १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ वेगळा केला आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. त्या दोघांना १९३९ चं नोबेल मिळालं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाईला शेत आणि पुरुषाला बीज म्हटलंय. सगळा मोठेपणा बियाण्याला. आणि इथं बियाणं जिथं तयार होतं तिथलं रहस्य उघडलं, तर निघालं काय? कोलेस्टेरॉलपासून बनणारं एक रसायन. त्याला गोत्र नाही, कूळ नाही, जात नाही. पाटलाच्या रक्तात जे, तेच मांगाच्या आणि महाराच्या रक्तात. बाटलीत भरलं तर ओळखू येणार नाही कुणाचं कुठलं.

आता हा रस माणसाच्या अंगात करतो काय?

आईच्या पोटात पहिले सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांत काही फरक नसतो. दोन्हीचं सामान एकच. पुढं वाय नावाच्या गुणसूत्रावरचा एक जनुक जागा होतो आणि वृषण घडायला लागतं. आठव्या आठवड्याच्या आसपास त्यातून टेस्टोस्टेरॉन सुटतं आणि त्याच सामानातून पुरुषाची इंद्रियं घडतात. पुढं बारा-चौदाव्या वर्षी दुसरी भरती येते. आवाज फुटतो, मिसरूड येतं, खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, इच्छा जागी होते, वीर्यात बीज यायला लागतं. हा रस रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतो. म्हणूनच पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात आणि बाईचं १२ च्या खाली गेलं की.

हुकूम वरून येतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. ती रक्तातून निरोप धाडते, वृषणातल्या ठरावीक पेशी तो वाचतात आणि माल बनवतात. धडधाकट तरुणाच्या अंगात दिवसाला पाच ते सात मिलिग्रॅम. चिमटीत धरता येणार नाही इतकं. रक्तात पुरेसं झालं की मेंदूला कळतं आणि निरोप थांबतो. गोदाम भरलं की मुकादम टोळीला थांबा म्हणतो, तसंच. हा हिशेब लक्षात ठेवा, इंजेक्शनवाल्यांची पोल यातूनच उघडते.

आणि एक गंमत ऐका. याच टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अंगात इस्ट्रोजेन बनतो. इस्ट्रोजेन म्हणजे ज्याला बाईचा रस म्हणतात तो. पुरुषाची हाडं घट्ट राहतात ती बऱ्याच अंशी त्याच्यामुळं. म्हणजे छाती काढून चालणाऱ्या मर्दाचा सांगाडा बाईच्या रसावर उभा आहे.

उलटंही तितकंच खरं. बाईच्या अंगातही टेस्टोस्टेरॉन असतं. तिच्या अंडाशयात बनतं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत बनतं. पुरुषाच्या एक डेसिलिटर रक्तात साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम, बाईच्या १५ ते ७०. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कमी आहे, पण आहे, आणि तिला त्याची गरज आहे.

इथं बीडचं बोलायलाच पाहिजे. लांब कुठं नाही, शेजारचाच जिल्हा. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. पाळी आली की खाडा पडतो, खाड्याला दंड. पोटात दुखलं म्हणून दवाखान्यात गेलं की 'पिशवी काढून टाका'. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. गर्भाशय गेलं म्हणून रस बंद होत नाही. पण त्याच्यासोबत दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेनही जातं आणि तिथलं टेस्टोस्टेरॉनही जातं. तिशीत म्हातारपण येतं. अंग भाजतं, हाडं ठिसूळ होतात, जीव कशात रमत नाही. बैल खच्ची करताना निदान बैल दाताला आलाय का ते बघतात. आणि आपण 'खच्ची' म्हणलं की फक्त पुरुषाचं दुःख आठवतो.

शांती सौंदरराजन हे नाव किती जणांनी ऐकलंय? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची, दलित घरातली पोरगी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरला तिनं रौप्यपदक मिळवलं. नंतर तपासणी झाली, ती 'बाई म्हणून बसत नाही' म्हणाले, आणि पदक काढून घेतलं. तिच्या अंगातला मामला तिला धड कुणी समजावूनही सांगितला नाही. पोरगी परत वीटभट्टीवर गेली. आणि आपल्याकडचे माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे. ललिता म्हणून भरती झाले. तपासणीत वाय गुणसूत्र निघालं. नोकरी राखून उपचाराची रजा मिळावी म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. या दोघांनी काय गुन्हा केला? निसर्ग सगळ्यांना एकाच मापानं कापत नाही, इतकंच. गुणसूत्र, रस, इंद्रियं, मन ही चार वेगवेगळी पानं आहेत. बहुतेकांची जुळतात, काहींची जुळत नाहीत. न जुळणाऱ्याला वाळीत टाकणं हा तर गावकीचाच धंदा झाला, आणि गावकी म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता नसबंदी. बेर्टोल्डचा कोंबडा आठवा.

आपल्या माणसाला नसबंदी म्हणलं की त्याच्या डोळ्यासमोर चिमटा येतो, बैल येतो. 'अंगातली ताकद जाईल, ओझं उचलणार नाही, बायकोजवळ काही होणार नाही.' खरं काय आहे? वृषण दोन कामं करतं. एक, रस बनवून थेट रक्तात सोडणं. दोन, बीज बनवून नळीतून पुढं पाठवणं. नसबंदीत ती नळी तेवढी बांधून तोडतात. रक्ताच्या शिरांना हात लागत नाही. रस पूर्वीसारखाच रक्तात जातो. इच्छा राहते, ताठरता राहते, मिशी राहते, उचलायची ताकद राहते. वीर्यही येतं, कारण वीर्याचा फार मोठा भाग दुसऱ्या ग्रंथींतून येतो, बीज त्यात शेकडा दोन-पाच भाग. बिनटाक्याची पद्धत १९७४ मध्ये चीनमधल्या ली शुनछियांग यांनी काढली, ती आता आपल्या सरकारी दवाखान्यांतही होते. थोडा वेळ लागतो, माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून बीज नाही याची खात्री करून घ्यायची. बस.

मग भीती आली कुठून? आणीबाणीतून. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या आसपास नसबंद्या झाल्या, त्यांतले सुमारे ६२ लाख पुरुष. आपल्या शेजारच्या बार्शीत जानेवारी १९७६ च्या मोहिमेत खेड्यातून आलेल्या माणसांना रस्त्यावरून उचलून नेलं. महाराष्ट्र विधिमंडळानं त्याच वर्षी तीन पोरांनंतर सक्तीची नसबंदी असा कायदाही मंजूर केला. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. आता सांगा, सक्ती कुणावर व्हायची? जमीन नसलेल्यावर, रेशनकार्ड अडलेल्यावर, मास्तराच्या कोट्यात नाव बसवायला सोप्या असलेल्यावर. माणसाला जनावरासारखं पकडलं, म्हणून त्याला ते जनावराच्या खच्चीकरणासारखं वाटलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पकडणारा गुन्हेगार होता. पण पकडणारा गेला, भीती मात्र मागं राहिली, आणि त्या भीतीची किंमत आता आपल्या बाया मोजतात.

आकडा ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या बायांपैकी ३७.९ टक्के जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते, पुरुषाची कातडी जरा टोचावी लागते. तरी कोण जातं? अंगात रक्त नसलेली, दोन बाळंतपणं काढलेली, दुसऱ्या आठवड्यात परत खुरपायला जाणारी बाई जाते. नवरा बाहेर बाकड्यावर बसतो आणि बिडी ओढतो. विचारलं तर म्हणतो, 'मला कामाला जायचं हाय.' अरे, मग तिला काय पलंगावर झोपायचं हाय का?

दुसरी लूट बाजारातली. आमच्या टोळीतला एक जण, नाव सांगत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. रात्रपाळी, पोटात वडापाव, अंगात कणकण. स्टेशनबाहेरच्या भिंतीवरची जाहिरात वाचून एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडं गेला. त्यानं नाडी धरली आणि म्हणाला, लहानपणी हातानं वीर्य घालवलंस, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब गेला, आता मर्दपणा संपत आला. सोन्याचं भस्म, वाघाची चरबी, अमकं तेल. तीन महिन्यांचा पगार गेला. शेवटी सरकारी इस्पितळात साधी तपासणी केली तर याचं सगळं ठीक निघालं.

शंभर थेंबांची ही गोष्ट धादांत खोटी आहे. वीर्य रक्तातून गाळून निघत नाही, आणि वीर्य गेलं म्हणून टेस्टोस्टेरॉन वाहून जात नाही. ते रक्तात असतं, रोज नवं बनतं. हातानं केलं म्हणून कुणी खच्ची होत नाही. 'धात जाते' या भीतीनं खरोखर आजारी पडणारे इतके तरुण आपल्या देशात आहेत की डॉक्टर विग यांनी १९६० मध्ये त्या आजाराला धातवरूनच नाव दिलं. म्हणजे आजार धातूचा नाही, भीतीचा आहे, आणि भीती विकणारे दुकानं थाटून बसलेत. अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी भिंती रंगतात.

हे दुकान फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. १८८९ मध्ये पॅरिसला ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या मोठ्या शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि मी तरुण झालो म्हणून जाहीर केलं. तो अर्क पाण्यातला, आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात विरघळत नाही. त्यात रस जवळजवळ नव्हताच. तरुण झाली ती त्याची आशा. पण त्या बातमीवर कित्येकांनी धंदे केले.

आता पोलीस भरतीवाल्या पोरांनो, तुमच्याशी. पहाटे मैदानावर घाम गाळता, त्याचा मला अभिमान आहे. पण जिममध्ये कुणी 'पंधरा दिवसांत बॉडी' म्हणून सुई पुढं केली तर मुकादमाचा हिशेब आठवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू समजतो, गोदाम भरलं. निरोप बंद. वृषणाचं काम बंद. दंड फुगतो आणि आंड आक्रसतात. बीज बनणं थांबतं, आणि ते परत सुरू व्हायला महिनोन् महिने लागतात. रक्त घट्ट होतं, गाठी व्हायचा धोका वाढतो. मर्द व्हायला गेलेलं पोरगं स्वतःला सुईनं खच्ची करून येतं.

खरी कमतरता असते, नाही असं नाही. वयात येताना गालगुंड होऊन वृषणाला सूज आली, मार लागला, जन्मतः गुणसूत्रात फरक असला, पियुषिकेत गाठ असली, मधुमेह, फार लठ्ठपणा, दारूनं गेलेलं लिव्हर. दाढी विरळ होते, छातीवर गाठी येतात, इच्छा मरते, हाडं मोडतात. त्याला औषध आहे. सकाळी रक्त तपासतात, कारण सकाळी पातळी जास्त असते, आणि एकदा कमी आलं तर परत तपासून बघतात. भिंतीवरच्या वैद्याला हे माहीत नसतं.

आणि कमी होण्याची दोन कारणं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. भूक आणि जागरण. पोटाला मिळालं नाही की शरीर पहिल्यांदा हाच खर्च तोडतं, मेंदूचा निरोपच मंदावतो. शिकागो विद्यापीठात दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली. हे २०११ मध्ये छापून आलंय. आमच्या गोदीत दोन पाळ्या सलग मारणाऱ्याला मालक विचारतो, 'दम संपला का रे मर्दा?' त्याचा दम कुठल्या बाटलीत जातो ते आता कळलं का?

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हा रस म्हणजे शौर्य का?

जनावरात सरळ दिसतं. वळू मारका, बैल गरीब. माणसात इतकं सरळ नाही. झ्युरिकमध्ये काही शास्त्रज्ञांनी १२० वर बायांवर प्रयोग केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. काहींना टेस्टोस्टेरॉनचा डोस, काहींना नुसता खोटा डोस. कुणाला काय दिलं ते सांगितलं नाही. मग दोघींत पैसे वाटायला लावले. ज्यांना खरा डोस मिळाला त्यांनी वाटणी जास्त सरळ केली. आणि ज्यांना नुसतं वाटलं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिलंय, मग डोस खरा असो की खोटा, त्या जास्त हावरटपणे वागल्या. दादागिरी रसानं केली नाही. रसाच्या नावानं केली. आपल्या डोक्यात मर्दपणाची जी गोष्ट भरलीय, तिनं केली.

याच मराठवाड्यात १९७८ च्या ऑगस्टात विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून आपल्या वस्त्या पेटवल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. मारणाऱ्यांच्या अंगात पोचिरामपेक्षा जास्त टेस्टोस्टेरॉन होतं का? काही संबंध नाही. त्यांच्याकडं जमीन होती, गाव होतं, जमाव होता, आणि कुणी काही करणार नाही ही खात्री होती. आणि आपले आजेपणजे मान खाली घालून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगातला रस आटला होता का? अंग तर पोलादी होतं. माणसाला खच्ची करायला चिमटा लागत नाही. पाणी बंद करा, काम बंद करा, बलुतं बंद करा, शाळेत बाहेर बसवा. पुरुषही खच्ची होतो, बाईही होते. आणि जी बाई लाठ्या झेलत नामांतरासाठी तुरुंगात गेली, तिच्या रक्तात पुरुषाच्या दहाव्या हिश्शाइतकंही टेस्टोस्टेरॉन नव्हतं. ती कशाच्या बळावर गेली? तिला कळलं होतं म्हणून गेली.

मग आपल्या सभांत काय चाललंय? जो मोर्चाला आला नाही तो 'षंढ'. जो पुढारी फुटला तो 'हिजडा'. 'बांगड्या भरा' म्हणून ओरडायचं. ज्या हातांत बांगड्या आहेत ते हात समोर बसून भाकरी बांधून आलेत, त्यांच्या तोंडावर ओरडायचं. फुटलेल्या पुढाऱ्याला फुटलेला म्हणा, विकला गेला म्हणा, किंमत सांगा. त्याचा आणि तृतीयपंथीयांचा काय संबंध? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना त्यांची ओळख दिली, तरी आपल्या तोंडात ती अजून शिवीच आहे. जन्मावरून माणसाला शिवी देण्याची रीत कुणाची? ती आपण का चालवायची?

उघड बोलण्याला आपल्याकडं परंपरा आहे. १९२७ च्या जुलैत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ पर्यंत एकट्यानं चालवलं. त्यात लोकांच्या असल्याच खासगी प्रश्नांना शास्त्राची उत्तरं असायची. १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील होत नाही, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी तो खटला घेतला हे विसरू नका. शरीराचं ज्ञान लपवून ठेवणं हाही एक पाणवठा अडवणंच आहे.

तेव्हा तीन कामं सांगतो आणि बसतो. एक, भिंतीवरच्या वैद्याला आणि जिममधल्या सुईला एक पैसा द्यायचा नाही. काही त्रास असेल तर सरकारी दवाखान्यात जायचं, आणि एकट्याला लाज वाटत असेल तर दोघांनी मिळून जायचं. दोन, ज्यांची पोरं पुरेशी झालीत त्यांनी बायकोला टेबलावर चढवण्याआधी स्वतःच्या नसबंदीचं विचारायचं. कुणाच्या सक्तीनं नाही, समजून उमजून. तीन, आपल्या सभेत, आपल्या पत्रकात आणि आपल्या कवितेत षंढ, हिजडा, बांगड्या हे शब्द शिवी म्हणून यायचे नाहीत. कुणी वापरले तर तिथंच उभं राहून टोकायचं, मग तो कितीही मोठा पुढारी असो.

आता प्रश्न विचारा. आधी बायांनी विचारावं, त्या इतका वेळ गप्प बसल्यात.